सरांच्या डायरीतल्या पानथऱ्या

हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. स्वयंपाकघरात पिशवीत पिशव्या साचतात ना, कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही, पण ओट्याखालचं दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात, तसंच हे. माझ्याकडे निवृत्तीनंतर इतके साचलेत की लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी कोणी बसत नाही. "मॅडम, जेवताना कापाकापी नको हं!" असं मैत्रिणी आधीच बजावतात.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा कापायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि रोग आहे की नाही ते सांगायचं. अमरावतीत तीस-पस्तीस वर्षं हेच केलं. आमचं टोळकं तिघांचं. एक सर्जन गावंडे सर, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दुसऱ्या त्यांच्या ऑपरेशन थिएटरच्या मेश्राम सिस्टर, ज्यांना अख्खं हॉस्पिटल घाबरायचं. सरही घाबरायचे, पण दाखवायचे नाहीत. आणि तिसरी मी.

आजचे किस्से बहुतेक एकाच ऑपरेशनचे आहेत, म्हणून ते आधी सांगून टाकते. हॉजकिन्स लिम्फोमा नावाचा गाठींचा कॅन्सर असतो. बरेचदा तरुण पोरापोरींना होतो, मानेत गाठ येते. तो वर छाती-मानेतच आहे की खाली पोटातही उतरलाय, यावर उपचार ठरायचे. वरच असेल तर मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, पुरे, खाली उतरला असेल तर औषधांचे डोस. आता स्कॅन काढला की कळतं. चाळीस वर्षांपूर्वी कुठले स्कॅन! मग सर पोट उघडायचे. स्प्लीन अख्खी काढायचे, लिव्हरचा तुकडा घ्यायचे, दोन-चार गाठी घ्यायचे, पोट शिवायचे आणि सगळं बरण्यांत घालून माझ्याकडे पाठवायचे. स्प्लीन म्हणजे प्लीहा. आपल्याकडची जुनी माणसं पानथरी म्हणतात. लक्षात घ्या, हा इलाज नव्हता. ही तपासणी होती! इलाज त्याच्यानंतर.

पुढे चांगले स्कॅन आले, औषधं बहुतेक सगळ्यांनाच द्यायची असं ठरलं, आणि ते ऑपरेशन जगभर बंद पडलं. ज्यांची झाली ती माणसं मात्र तशीच राहिली, पानथरीशिवाय.

*

दोनेक वर्षांपूर्वी अकोल्याहून डॉ. इंगळेचा फोन आला. हा माझा विद्यार्थी, आता तिथे कॅन्सरचे पेशंट बघतो.

"मॅडम, आयसीयूत एक पेशंट आहे. भयंकर ताप. पण त्याची स्प्लीनच सापडत नाहीये."

"नीट बघ."

"अर्धा तास बघतोय! आणि एक्स-रेत पोटात धातूच्या बारीक पिना दिसतायत. कोणीतरी आतून स्टेपलर मारल्यासारख्या."

पेशंट शुद्धीवर नव्हता. बायकोला विचारलं, कशाचं ऑपरेशन झालं होतं? ती म्हणाली, अपेंडिक्स. मुलगा म्हणाला, स्टोन. म्हातारे काका म्हणाले, "तरणा होता तवा बैलानं शिंग मारलं होतं." इंगळे पार गोंधळून गेला होता.

मी विचारलं, "चीर उभी आहे? छातीच्या खालून थेट बेंबीच्या खालपर्यंत? आणि मानेला एक जुना वण?"

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

कसं माहीत! ती पानथरी मी माझ्या हातांनी कापली होती. पिना सरांच्या होत्या. कुठून गाठ काढली ते शेक देणाऱ्याला एक्स-रेत दिसावं म्हणून सर तिथे क्लिपा लावून ठेवायचे.

मी इंगळेला सांगितलं, जे सगळ्यात तगडं अँटिबायोटिक असेल ते आत्ता सुरू कर. पानथरी नसलेल्या माणसाचा साधा ताप एका दिवसात जिवावर उठू शकतो. म्हणून अशा माणसाला लस द्यायची असते आणि ताप आला की लगेच औषध घ्यायला सांगायचं असतं. या माणसाला चाळीस वर्षांत कोणी काही सांगितलंच नव्हतं.

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर इंगळेनं त्याला समजावलं की दादा, तुम्हाला तरुणपणी कॅन्सर होता, त्यासाठी पोट उघडलं होतं. तो उठून बसायला लागला.

"कोन म्हनते? मले बैलानं मारलं होतं!"

लग्न जुळावं म्हणून घरच्यांनी तेव्हा गावात ही थाप पसरवली होती. चाळीस वर्षं ऐकून ऐकून ती त्याच्या अंगात मुरली होती. "पांढरा बैल होता डाक्टर," तो म्हणाला, "एक शिंग मोडकं होतं."

हे मी सरांना हसत हसत सांगितलं. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे, हातात ऑपरेशनची जुनी डायरी. त्यात अशी सत्तावीस नावं होती.

"यातल्या एकालाही मी सांगितलं नाही, की ताप अंगावर काढू नका," सर म्हणाले. "शोधू. जितके जिवंत असतील तितक्यांना लस देऊ."

तेव्हापासून आम्ही हिंडतोय. गाडी माझी, शेजारी सर, मागे मेश्राम सिस्टर मांडीवर लशीचा बर्फाचा डबा घेऊन. प्रत्येक गावाच्या वेशीवर सर डायरी उघडून ते नाव पुन्हा वाचतात. आपण पोचायच्या आधी ताप पोचला असेल, ही त्यांची भीती.

*

त्या ऑपरेशनचा सगळ्यात मोठा घोटाळा सरांच्या चेहऱ्यानं घातलाय.

स्प्लीन माझ्याकडे आली की मी ती ब्रेडसारखी पातळ पातळ कापायची आणि एकेक काप डोळे फाडून बघायची. पांढरा ठिपका दिसला की रोग पोटात उतरलाय. नाही दिसला, तर नाही. आता सांगा, सर्जनला कशाचा आनंद होईल?

ठिपका सापडला की सरांचा चेहरा खुलायचा! पोट उघडल्याचं सार्थक झालं ना. काहीच सापडलं नाही की सर हिरमुसायचे, एका तरण्या पोराचं पोट उगाच फाडलं म्हणून. आणि असा चेहरा घेऊन ते नातेवाइकांसमोर जायचे. नातेवाईक बिचारे शब्द ऐकतच नाहीत, चेहरा वाचतात.

परिणाम असा, की रोग पोटात उतरला की घरचे पेढे वाटायचे आणि पोट साफ निघालं की वॉर्डात रडारड!

एकदा मेश्राम सिस्टर पेढ्यांचा पुडा घेऊन लॅबमध्ये आल्या. "मॅडम, थर्ड स्टेजचे पेढे," म्हणाल्या, "खाऊ का नको?"

मी म्हटलं, "सिस्टर, परत करा आणि त्यांना नीट समजावून सांगा."

"समजावलं. ते म्हनतात, डाक्टर हसून राहिले होते, तुमी काहून रडवून राहिल्या?"

त्यानंतर सिस्टरांनी नियमच केला. सर रिपोर्ट सांगायला निघाले की त्यांना तोंडावरचा मास्क काढू द्यायचा नाही.

*

अचलपूरजवळच्या एका भाजीवाल्या माळ्याची मुलगी होती, सतरा वर्षांची. पोट साफ निघालं. सरांनी मास्क लावून तिच्या वडिलांना सांगितलं, "पानथरीत काही नव्हतं."

वडील म्हणाले, "काही नव्हतं तं काढली काहून?"

"काही नाही हे कळायसाठीच काढली."

"मंजे घरात साप नाही हे पाहाले घरच पाडलं म्हना!"

याचं उत्तर सर अजून शोधतायत, असं मला वाटतं. त्या काळच्या हिशेबानं ऑपरेशन बरोबर होतं, पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं, मुंबईचे मोठे डॉक्टरही तेच करत होते. पण माळीबुवाचा प्रश्नही बरोबर होता. दोन्ही गोष्टी बरोबर कशा, हे मला अजूनही कळलेलं नाही.

मागच्या वर्षी आम्ही तिला शोधून काढलं. परतवाड्यात दिली होती, आता आजी झालीय. लस घेतली, कार्ड घेतलं, आम्हाला वांगी दिली. सर घरात शिरल्यापासून इकडेतिकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "वडील कसे आहेत?"

"ते जाऊन दहा-बारा वर्षं झाली जी."

सरांना हायसं वाटलं. गाडीत बसल्यावर त्यांना हायसं वाटल्याची लाज वाटली.

*

हॉजकिन्सची एक गंमत आहे. काही थोड्या पेशंटांना दारू प्यायली की गाठ ठणकते. का ठणकते, ते आजवर कोणाला धड सांगता आलेलं नाही.

डायरीतलं एक नाव होतं वामनराव. तिशीत असताना मानेत गाठ. पहिला घोट घेतला की मान अशी दुखायची की ग्लास ठेवून द्यावा लागायचा. पुढे ऑपरेशन झालं, शेक झाला, गडी खडखडीत बरा झाला.

आम्ही त्यांच्या दारात पोचलो तर वामनराव खाटेवर आडवे. "ताप आहे का?" सरांनी बाहेरूनच विचारलं.

"ताप कायचा! बाटली आहे," आतून बायको म्हणाली.

सरांनी ओळख सांगितली. तेव्हा वामनरावांचं ऑपरेशन मी केलं, वगैरे. बाई कमरेवर हात ठेवून सरांकडे बघत राहिल्या.

"तुमीच का थे? मंग बसा. तुमाले विचाराचं होतं." सर बसले. "मानेत गाठ होती तंवरक यानं तीन महिने थेंबाले हात नाही लावला. घरात एवढी शांती होती का काय सांगू! तुमी बरा केला अन् हा पंधरा दिवसांत पुन्हा सुरू."

"बाई, पण तो कॅन्सर होता."

"मालूम आहे नं मले. सगळा ठेवा असं मी म्हनत नाही," बाई म्हणाल्या. "पन थोडा ठेवाचा होता!"

*

लस दिली की सर प्रत्येकाला एक कार्ड देतात, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. 'मला प्लीहा नाही. ताप आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवा.' खाली सरांचा फोन नंबर. कार्ड कायम खिशात ठेवायचं, असं बजावायचं.

एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी कार्ड तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे माझा एक अवयव कायमचा कमी आहे. बरोबर?"

"बरोबर," सर म्हणाले. इथे चुकले.

आठवड्यानं सरांचा फोन वाजला. मी समोरच होते. पलीकडून अचलपूरच्या एसटीतली कंडक्टर बाई.

"साहेब, इथं एक बुढा अपंगाच्या सीटवर बसला आहे. तुमचं कार्ड दाखवून राहिला. मी म्हनलं, कोनता अवयव नाही थे दाखवा. तं म्हनते, नाही तं दाखवू कुठून?"

सरांनी खरं ते सांगितलं, की यांना पानथरी नाही.

"तिच्याबिगर उभं राहता येत नाही काय?"

सर खोटं बोलू शकत नाहीत. "येतं," म्हणाले.

मागून गुरुजींचा आवाज आला, "डॉक्टर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!"

मग कंडक्टर बाईनं आवाज खाली केला. "साहेब, माया पोटात हाय का नाही, थे कसं समजाचं?" सरांनी सांगितलं, की डाव्या बाजूला, बरगडीच्या आत असते, हाताला लागत नाही, काळजी करू नका. सरांसारखाच बाईचाही फोन स्पीकरवर होता, हे सरांना ठाऊक नव्हतं. गुरुजींनी नंतर कळवलं, की त्या दिवशी गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली, कारण ड्रायव्हरसकट सगळे जण डाव्या बरगडीखाली चाचपत बसले होते.

*

इंगळेनं एकदा आम्हा तिघांना अकोल्याला बोलावलं. "सर, आता स्टेजिंग कसं होतं ते बघा," म्हणाला. मोठ्या पडद्यावर त्यानं एका चोवीस वर्षांच्या पोराचा पेट स्कॅन लावला. यात पेशंटला एक खास साखर टोचतात, तासभर शांत बसवतात आणि मग फोटो काढतात. जिथे साखर जास्त खर्ची पडते ती जागा चमकते. कॅन्सरच्या गाठी साखरेच्या फार हावऱ्या, त्या लख्ख दिसतात.

सर पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. सगळं शरीर आरपार. चीर नाही, टाका नाही, बरणी नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, ते आम्ही दोघींनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

पण पडद्यावर एक भानगड होती. मानेतल्या गाठी चमकत होत्या ते ठीक. दोन्ही जबडेही पेटल्यासारखे चमकत होते! रोग जबड्यात गेला का? मग स्टेज बदलणार, उपचार बदलणार. दोन तरुण डॉक्टर वाद घालत होते, तिसरी जबड्याचा तुकडा घ्यायची तारीख ठरवत होती. मीही पुस्तकं आठवून थकले.

मेश्राम सिस्टर मागच्या खुर्चीतून म्हणाल्या, "सुई टोचल्यावर याले कुठी बसवलं होतं?"

"वेगळ्या खोलीत, सिस्टर. तासभर. एकटाच."

"मंग खर्रा खाऊन राहिला असन."

पोराला फोन लावला. तो म्हणाला, "हो सर. तुमी जेवाचं नाही म्हनलं होतं. खर्र्याचं काही बोलले नव्हते."

तासभर सुपारी-तंबाखू चघळून त्याच्या जबड्याच्या स्नायूंनी सगळी साखर ओढून घेतली होती. खर्रा बंद करून पुन्हा स्कॅन काढला. जबडे साफ.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर आल्यावर सर मागच्या सीटकडे वळले. मग म्हणाले, "मेश्राम, आपल्या वेळी हे मशीन असतं ना, तर आपण जबडाही काढला असता."

*

धारणीकडचा किस्सा मात्र मला अजून पचलेला नाही. तिथे निवृत्त वनरक्षक कासदेकर राहतात. मेळघाटातला मलेरिया आणि पानथरी नाही म्हटल्यावर सरांनी हे नाव मनातल्या मनात खोडूनच टाकलं होतं. आम्ही जीपनं आदळत-आपटत पोचलो, तर कासदेकर अंगणात लाकडं फोडत होते!

"मलेरिया झाला होता का?"

"तीन बार."

सर थक्क. आम्ही त्यांना परतवाड्याला आणून सोनोग्राफी केली. सोनोग्राफीवाला म्हणाला, "स्प्लीन आहे की! लहान आहे, पण आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. यांनी काढली होती, मी कापली होती. डायरीत होतं, रजिस्टरमध्ये होतं.

याला शास्त्रात उत्तर आहे. काही जणांना जन्मतःच मुख्य पानथरीशेजारी वाटाण्याएवढी आणखी एखादी असते. मोठी काढली की ती वाढू शकते. हे मी कासदेकरांना दहा मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सरांना म्हणाले, "मंजे तुमी काढली अन् थे पुन्हा आली."

"तसंच समजा."

मेश्राम सिस्टर म्हणाल्या, "सर, तुमचं ऑपरेशन फेल गेलं!"

उभ्या आयुष्यात मी सरांना इतकं खूश झालेलं पाहिलं नव्हतं. थर्ड स्टेज सापडल्यावरसुद्धा नाही. फक्त लस द्यायची की नाही, हे तिघांनाही ठरवता येईना. इवलीशी पानथरी काम कितपत करते कोणास ठाऊक. शेवटी देऊन टाकली.

*

अकोल्याहून अकोटकडे जाताना आतल्या रस्त्यावर एक गाव आहे. डायरीत लिहिलं होतं, 'विजय, वय वीस. स्प्लीन निरोगी.' यंदा दिवाळी झाल्यावर आम्ही तिथे गेलो. घर झेंडूवाल्यांचं. ओसरीत त्याची आई फुलांच्या राशीपुढे बसली होती, ऐंशीच्या पुढची, चांगली ताठ.

सरांनी नाव सांगितलं. म्हातारी उठली, सरांच्या पायाशी वाकली. सर मागे सरले.

"विजय कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"विजू गेला जी. ऑपरेशनच्या मांगून अकरा वर्षं होता."

मेश्राम सिस्टरांनी डबा खाली ठेवला.

"कॅन्सरनं नाही गेला," म्हातारी घाईनं म्हणाली, जणू सरांना वाईट वाटू नये म्हणून. "थो आजार परत फिरकलाच नाही. गावात आमी सगळ्यायले सांगतो, असा डाक्टर होता का त्यानं कॅन्सरचं मूळ काढून फेकलं. हे तं साध्या तापानं झालं. सकाळी फुलं तोडून आला, अंग तापलं म्हने. म्या म्हनलं, ऊन लागलं असन, पड घटकाभर. दुपारी गाडी सांगतली. अकोला काही आलं नाही."

तिनं आम्हाला पाणी दिलं. चहा ठेवायला सुनेला हाक मारली. सर खाली मान घालून बसले होते. मला कळलं हे आता काय करणार ते. सिस्टरांनाही कळलं. त्यांनी हळूच म्हटलं, "सर, राहू द्या. आता सांगून काय होते?"

मला सिस्टरांचं पटत होतं. मला सरांचंही पटत होतं.

"माय," सर म्हणाले, "तो ताप साधा नव्हता. मी त्याची पानथरी काढली होती. ती नसली की ताप असा चढतो. त्या पानथरीत रोग नव्हता. तपासायला काढली होती मी."

म्हातारीच्या हातात झेंडूचं फूल होतं. ते तसंच राहिलं.

"मंजे म्या त्याले निजवलं थे..."

"तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं."

"तवा तुमाले मालूम होतं?"

मी मनात म्हटलं, सर, नाही म्हणा. एकदा तरी खोटं बोला.

"थोडं माहीत होतं," सर म्हणाले. "पुस्तकात होतं. मी सांगितलं नाही."

आतून कपबशांचा आवाज येत होता. सून चहा घेऊन आली, सगळ्यांकडे बघितलं, ट्रे ठेवून आत गेली. चहा कोणी घेतला नाही. मी फुलांच्या राशीकडे बघत होते.

मग म्हातारीनं डब्याकडे बोट केलं. "याच्यात काय आहे?"

"लस. विजयसाठी आणली होती."

"आता थे कोनाले देता?"

"परत नेऊ."

ती उठली. मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले. सरांच्या समोर येऊन मांडी घालून बसली आणि चोळीची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वयाच्या माणसाला ती लस चालते. मी मान हलवली. मेश्राम सिस्टर सिरिंज भरून लस टोचायला पुढे झाल्या. म्हातारीनं त्यांना दुसऱ्या हातानं थांबवलं.

"त्यायलेच देऊ द्या."

सरांनी स्पिरिटचा बोळा दंडावर फिरवला. तिनं तोंड दुसरीकडे वळवलं.

"हळू द्या डाक्टरसाहेब," ती म्हणाली. "त्याले सुईचं लय भेव वाटे."